वारा फिरण्याआधी

देवगडचं बंदर एकदा पाहिलं की तिथे बोट बुडू शकते हे मनाला पटत नाही. किल्ल्याचं टोक समुद्रात पुढे आलेलं, आत यायची वाट अरुंद, आणि त्या वाटेच्या आत खाडीचं सपाट पाणी. अरबी समुद्रात काही बिघडलं की रत्नागिरी-मालवणच्याच नव्हे, तर गुजरात आणि कर्नाटकातल्या मच्छीमार नौकाही इथे आसऱ्याला येतात. १६ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यालगत उत्तरेकडे सरकत होतं, तेव्हा याच खाडीत, आनंदवाडी बंदरात नांगरून ठेवलेल्या दोन नौका गेल्या. त्यांच्यावर खलाशी होते. काही वाचले, काहींचे प्राण गेले. त्या दिवशी ते मासेमारीला गेले नव्हते. खोल समुद्रात अडकलेही नव्हते. सुरक्षित समजल्या जाणाऱ्या बंदरात, नांगर टाकलेल्या बोटीवर होते.

ही घटना माझ्या मनातून जात नाही. वादळ म्हटलं की आपलं लक्ष समुद्रात गेलेल्या बोटींकडे जातं. त्या परत आल्या की सुटकेचा श्वास टाकून आपण घरांच्या उडालेल्या कौलांकडे वळतो. पण परत आलेल्या बोटीचं पुढे काय होतं? ती कुठे ठेवतात, कशी बांधतात, तिच्यावर रात्री कोण थांबतं? कोकणातल्या प्रत्येक वादळात या प्रश्नांच्या उत्तरांवर लाखोंची मालमत्ता आणि माणसांचे जीव टांगलेले असतात, आणि बातमीत त्यांना एखादी ओळ मिळते.

आधी जोराचा हिशेब मांडू, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. ताशी ५० किलोमीटरचा वारा एक चौरस मीटर पृष्ठभागावर साधारण १२ किलोंचा दाब देतो. ताशी १०० ला तो ४७ किलोंच्या घरात जातो. १२० ला ६८. केबिन, जाळ्यांचे ढीग, ताडपत्री असं सगळं धरून एखाद्या नौकेची २० चौरस मीटर बाजू वाऱ्याला लागत असेल, तर ५० च्या वाऱ्यात दोरांवर पाव टनाच्या आसपास ओढ येते आणि १०० च्या वाऱ्यात साडेनऊशे किलोंची. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर चढलं तेव्हा वारा ताशी १०० ते ११० चा होता, झोत १२० पर्यंत जात होते. तौक्तेच्या वेळी १७ मेला कुलाब्यात ११४ चा झोत नोंदला गेला. रोजच्या खाऱ्या वाऱ्याला पुरणारा दोर अशा वेळी पुरत नाही, यात त्या दोराचा दोष नाही.

म्हणून तयारीचं पहिलं काम दोराचं नसतंच. वाऱ्याला धरायला जे जे मिळेल ते आधी उतरवायचं. जाळी काठावर न्यायची, ताडपत्र्या सोडायच्या, डेकवरचे बर्फाचे खोके, ड्रम, सुटे बांबू सगळं खाली. डेकवरचं पाणी बाहेर जायच्या भोकांत अडकलेला कचरा काढायचा, कारण वादळात पाऊसही कोसळतो आणि पाणी साचून जड झालेली बोट लाटेवर उठत नाही. बॅटरी भरलेली हवी, पाणी उपसायचा पंप चालू करून पाहिलेला हवा. हे सगळं उजेडी, वारा सुटायच्या आत व्हावं लागतं. एकदा झोत सुरू झाले की दोन माणसांना ताडपत्रीची एक कडही आवरत नाही.

मग नांगर. नांगर वजनानं बोट धरतो असा एक समज आहे. धरतो तो तळाच्या चिखलात रुतून, आणि रुततो तेव्हाच, जेव्हा त्याच्यावरची ओढ जवळजवळ आडवी असते. दोर उभा झाला की नांगर उचलला जातो आणि बोट त्याला ओढत निघते. म्हणून खोलीच्या पाच ते सातपट दोर सोडायचा, आणि वादळात जागा असेल तर दहापट. ही खोली नाळेपासून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापासून, तळापर्यंत मोजायची. पाणी चार मीटर आणि नाळ पाण्यावर दोन मीटर उंच, म्हणजे सहा मीटर. सातपट म्हणजे ४२ मीटर दोर. आता वादळानं पाणी दोन मीटरनं चढवलं, तर तेच ४२ मीटर पाचपटीवर आले. दोर तोच, नांगर तोच, पण पकड कमी झाली. नांगराजवळ काही मीटर जड साखळी जोडली तर ती तळाशी पडून राहते आणि ओढ आडवी ठेवते.

पाण्याचा हा चढ धक्क्यावर बांधलेल्या बोटीला जास्त छळतो. मुंबईत उधाणाची भरती साडेचार मीटरच्या आसपास जाते. दक्षिणेकडे येताना ही झेप कमी होत जाते आणि रत्नागिरीच्या बाजूला ती अडीच मीटरच्या आतबाहेर राहते. सिमेंटचा धक्का जागचा हलत नाही, बोट मात्र त्याच्या कडेला रोज दोनदा चढते आणि दोनदा उतरते. त्यात वादळाचा फुगवटा मिळाला की आखूड, आवळून बांधलेला दोर बोटीला वर येऊच देत नाही. मग दोर तरी तुटतो, बांधायचा खुंट तरी उखडतो, किंवा बोटीची ती बाजू दाबली जाऊन पाणी आत शिरतं. म्हणून धक्क्याला बांधताना दोर लांब घ्यायचा आणि तो दूरच्या खुंटाला न्यायचा. नाळेवरून निघालेला एक दोर पुढच्या खुंटाला, दुसरा मागे धक्क्याच्या मध्यापर्यंत. तसेच मागच्या टोकापासून दोन, एक मागे आणि एक पुढे. हे तिरपे दोर बोटीला वर-खाली होऊ देतात, पण पुढे-मागे सरकू देत नाहीत. मधे टायर लोंबकळत सोडायचे, तेही उंच-सखल, कारण पाणी चढलं की खाली बांधलेला टायर निकामी होतो.

दोर बहुधा मधे तुटत नाही. तो जातो काठावरून वळतो तिथे. रात्रभर बोट उचकते आणि प्रत्येक उचकीला दोर त्याच दोन बोटं जागेवर घासतो. नायलॉनचा दोर ताणला की लांबतो, झटका पिऊन टाकतो, हा त्याचा मोठा गुण. म्हणून बांधायला तो इतरांपेक्षा चांगला. पण सतत ताणून सैल होताना त्याचे धागे आतल्या आत एकमेकांवर घासून तापतात. अशा वेळी त्याच्यावर घट्ट प्लास्टिकचा पाइप चढवला तर पाऊस आत जात नाही आणि उष्णता बाहेर पडत नाही. गोणपाट किंवा जाड कॅनव्हास गुंडाळलेला बरा. तो भिजतो आणि दोर थंड ठेवतो. गाठ मारली की दोराची ताकद जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यानं उतरते, म्हणून तयार फासा विणून घेतलेला दोर असेल तर तोच वापरावा. आणि दोन दोर लावायचे तर दोन वेगळ्या खुंटांना. एकाच खुंटाला दोन दोर म्हणजे खुंट गेला की दोन्ही गेले.

हे सगळं नीट केलं तरी एक गोष्ट राहते, आणि ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. वारा फिरतो. चक्रीवादळात आपल्या गोलार्धात वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं फिरत असतो आणि वादळ स्वतः पुढे सरकत असतं. तौक्ते किनाऱ्याच्या पश्चिमेनं, समुद्रातून उत्तरेकडे गेलं. अशा वादळात कोकणात उभ्या असलेल्या बोटीला आधी पूर्वेकडून, जमिनीवरून वारा लागतो. वादळ समोर आलं की दक्षिणेकडून. आणि ते पुढे गेलं की नैर्ऋत्य-पश्चिमेकडून, थेट समुद्रावरून. निसर्गच्या वेळी तर एकाच दुपारी दोन कहाण्या घडल्या. वादळाच्या वाटेच्या दक्षिणेला, दापोली-हर्णैच्या बाजूला वारा दक्षिणेवरून पश्चिमेकडे वळला. उत्तरेला, मुंबईच्या बाजूला तो पूर्वेवरून उत्तरेकडे. सकाळच्या वाऱ्याला पाठ करून बांधलेली बोट दुपारी त्याच वाऱ्याच्या तोंडात येते. बोट गर्रकन फिरते, नांगर उलट्या बाजूनं ओढला जाऊन सुटतो, आणि तो पुन्हा रुतेपर्यंत ती शेजारच्या बोटीवर गेलेली असते.

जिला एकाच नांगराचा आधार आहे तिच्यासाठी हा फेरा जीवघेणा असतो. म्हणूनच जाणते तांडेल वादळाच्या बातमीवर दोर शोधत बसत नाहीत, आधी जागा शोधतात. कोणत्या वळणाला डोंगर आड येतो, कुठे तळ चिखलाचा आहे आणि कुठे खडक, खारफुटीच्या कडेला बोट कुठवर नेता येते. खाडीत खूप आत, जिथे लाट पोचत नाही तिथे, बोटीचे दोर दोन्ही काठांना बांधून आणि नांगर प्रवाहात टाकून तिला मधोमध धरता येतं. तिथे वारा कुठूनही आला तरी फक्त वाराच येतो. लाट येत नाही, आणि बोटी लाटेनंच जास्त फुटतात.

पण तिथवर पोचायचं कसं? हर्णै उघड्या समुद्राला लागून असलेलं बंदर. बोटी पाण्यात दूर उभ्या, मासळी छोट्या होड्यांतून किनाऱ्यावर येते आणि वाळूवर लिलाव होतो. ही गजबज पाहायला पर्यटक गर्दी करतात. समुद्र खवळला की याच बोटींना आंजर्ल्याच्या खाडीत शिरावं लागतं. त्या खाडीच्या तोंडाशी गाळ साचतो. ओहोटीला पाणी इतकं उथळ होतं की मोठ्या नौकेला भरतीची वाट पाहावी लागते, आणि भरतीची वाट पाहत तोंडाबाहेर उभं राहायचं म्हणजे नेमकं तिथे उभं राहायचं जिथे लाटा फुटतात. वादळाचा अंदाज ७२ तास आधी मिळतो, ४८ तास आधी इशारा येतो, बंदरावर तीन नंबरचा बावटा चढतो. पण खाडीचं तोंड दिवसातून ठरावीक तासच उघडं असेल, तर त्या ७२ तासांतले कामाचे तास फार थोडे उरतात. गाळ काढायची मागणी जुनी आहे. ती मासेमारीच्या सोयीची मागणी म्हणून पाहिली जाते. मला ती जीव वाचवायची मागणी वाटते.

आसऱ्याच्या जागा कमी आणि बोटी फार, म्हणून दाटी होते. दाटी झाली की बोटी एकमेकींना बांधतात. पाच-सहा जणींची रांग, आणि नांगर फक्त कडेच्यांचे. शांत पाण्यात हे चालतं. वादळात रांगेतली एक सुटली की साऱ्यांचं वजन उरलेल्या दोरांवर येतं, आणि लाटेवर शेजारच्या दोन बोटी वेगवेगळ्या तालात उचलल्या जाऊन एकमेकींच्या फळ्या फोडतात. एकत्र बांधलेलं आरमार कसं एकाच फटक्यात जातं, याचं कोकणात मोठं उदाहरण आहे, जरी ते वादळाचं नसलं तरी. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांच्या वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर हल्ला केला तेव्हा किल्ल्याच्या आसऱ्याला आंग्र्यांची जहाजं जवळजवळ बांधून ठेवलेली होती. एका जहाजाला तोफगोळ्यानं आग लागली आणि ती सगळ्या आरमारात पसरली. तुळाजी आंग्र्यांचं आरमार समुद्रात लढताना नाही, बंदरात बांधलेलं असताना संपलं.

आंग्र्यांची ती गुराबं आणि गलबतं शिडांची होती, आणि शिडाच्या जहाजाला पावसाळ्यात समुद्रावर जागा नव्हती. विजयदुर्गाजवळ वाघोटन खाडीत, गिर्ये इथे आंग्र्यांच्या काळातली गोदी आजही पाहता येते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या पावसाळी छावणीचा विचार आहे, आणि त्यातला क्रम मला फार शहाणा वाटतो. आधी वेळ: वारे फिरायच्या आठ-पंधरा दिवस अगोदर आरमार छावणीला न्यायचं. मग जागा: बंदर कसं आणि कोणतं निवडायचं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला हवामानाचा उपग्रह नव्हता, पण पंचांग होतं आणि अनुभव होता. आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी, बोट किनाऱ्यावर ओढून शाकारायची ही कोकणातली रीत त्याच शहाणपणातली. शाकारलेल्या बोटीला ना नांगर लागतो ना दोर.

हौशी शिडाच्या बोटींचंही तेच. मुंबईत गेटवेसमोर उभ्या राहणाऱ्या शिडाच्या नौकांचा हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो आणि मेमध्ये संपतो. पावसाळ्याआधी त्या पाण्याबाहेर काढतात. जिथे त्या पाण्यातच ठेवाव्या लागतात, तिथे डोलकाठी हाच सगळ्यांत मोठा धोका. पंधरा मीटर उंचीवरचा वारा बोटीला मुळापासून हलवतो. शीड गुंडाळून तिथेच ठेवलं आणि झोतानं त्याचा एक कोपरा सुटला, तर तीस चौरस मीटरचं कापड शंभराच्या वाऱ्यात दीड टनाच्या जवळपास ओढ लावतं. म्हणून शीड गुंडाळून भागत नाही, ते काढून घरी न्यायचं. शेजारच्या दोन बोटींच्या डोलकाठ्या एका रेषेत येऊ द्यायच्या नाहीत, नाहीतर दोघी विरुद्ध बाजूंना कलल्या की वरच्या आडव्या दांड्या एकमेकींत अडकतात. अमेरिकेत २०१२ च्या सँडी वादळानंतर तिथल्या बोटमालकांच्या संघटनेनं ६५ हजार बोटींचं नुकसान झाल्याचा अंदाज दिला होता. त्यात अशाही बोटी होत्या ज्यांचे दोर शाबूत होते. तरंगते धक्के ज्या खांबांवर वर-खाली होतात ते खांबच बुटके पडले, आणि पाणी चढल्यावर अख्खा धक्का त्याला बांधलेल्या बोटींसकट निसटून गेला. पैसा आणि सोयी असलेल्या देशातही हिशेब चुकतो तो पाण्याच्या उंचीचा.

मोठ्या जहाजांनाही यातून सूट नाही. निसर्गच्या दिवशीच बसरा स्टार हे तेलवाहू जहाज रत्नागिरीजवळ नांगर तुटून मिऱ्याच्या किनाऱ्यावर येऊन आदळलं. त्यावरच्या तेरा जणांना सुखरूप उतरवण्यात आलं. जहाज पुढे कित्येक पावसाळे तिथेच रुतून राहिलं. तौक्तेत मुंबईपासून दूर तेलक्षेत्रात उभ्या असलेल्या पी-३०५ या तराफ्यावर २६१ माणसं होती. नांगर सुटले, तराफा भरकटला आणि १७ मेच्या संध्याकाळी बुडाला. नौदलानं आणि तटरक्षक दलानं खवळलेल्या पाण्यातून दीडशेहून अधिक लोक वाचवले, सत्तरहून अधिक गेले. नांगरावर भरवसा ठेवून माणसं वर ठेवायची, हा निर्णय किती महाग पडतो ते तिथे दिसलं.

आणि इथे मी पुन्हा देवगडकडे येतो, कारण माझं म्हणणं याच जागी आहे. जगभरच्या नाविकांचा नियम एकच: बोट बांधा आणि उतरा. शंभराच्या वाऱ्यात डेकवर उभा असलेला माणूस दोरही बदलू शकत नाही आणि नांगरही पुन्हा टाकू शकत नाही. मग आपले खलाशी बोटीवर का थांबतात? एक कारण मालकाचं. पंचवीस-तीस लाखांची नौका, तिच्यावर कर्ज, विमा अनेकदा नाहीच. नांगर घसरला तर इंजिन चालू करून ती सावरता येईल ही आशा असते, आणि ती आशा अगदी खोटीही नसते. कमी वाऱ्यात तसं करून बोटी वाचल्याही आहेत. दुसरं कारण खलाशाचं, आणि ते कमी बोललं जातं. रत्नागिरीच्या, हर्णैच्या बोटींवर आज मोठ्या संख्येनं नेपाळचे तरुण काम करतात. हंगामभर ते बोटीवरच राहतात, तिथेच जेवतात, तिथेच झोपतात. किनाऱ्यावर त्यांचं घर नाही, नातेवाईक नाहीत, भाड्याची खोली नाही. ‘उतरा’ असं सांगितलं तर ते उतरून जातील कुठे?

किनाऱ्यावरच्या वस्त्या वादळाआधी शाळांत, समाजमंदिरांत हलवतात. निसर्गच्या आधी रायगड-रत्नागिरीत हजारो कुटुंबं हलवली गेली आणि त्यामुळे माणसं वाचली. हे काम प्रशासनानं चांगलं केलं. त्याच याद्यांत बंदरातल्या बोटींवरचे खलाशी हवेत. प्रत्येक आसऱ्याच्या बंदरावर पंचवीस-पन्नास माणसं दोन रात्री झोपू शकतील असं पक्कं छप्पर, जेवणाची सोय, आणि बोट सोडलेल्या खलाशाला कामावरून काढलं जाणार नाही अशी हमी. याशिवाय तळाशी कायमचे जड सिमेंटचे ठोकळे आणि त्यांना साखळीनं बांधलेले बोये, ज्यांना आलेली बोट लगेच अडकवता येईल. रोजच्या छोट्या नांगरापेक्षा असा ठोकळा कितीतरी जास्त धरतो, आणि बोटींमधलं अंतरही तो ठरवून देतो. नवीन धक्के बांधताना त्यांच्यावरचे खुंट किती ओढ सोसतात आणि किती अंतरावर आहेत, हे मच्छीमारांना विचारून ठरवलं तर पुष्कळ फरक पडेल.

दिवाळीच्या दिवसांत अरबी समुद्राचा दुसरा, पावसाळ्यानंतरचा वादळी मोसम चालू असतो. तौक्ते पावसाळी मासेमारी बंदीच्या दोन आठवडे आधी आलं, निसर्ग जूनच्या सुरुवातीला. पण २००९ चं फयान ११ नोव्हेंबरला आलं, भर हंगामात, बोटी समुद्रात असताना. आणि २०१९ चं क्यार ऐन दिवाळीत कोकणासमोर उभं होतं, तेव्हा देवगडची खाडी बोटींनी भरून गेली होती. शाकारणीनं पावसाळा टळतो, हे महिने टळत नाहीत. म्हणून नारळी पौर्णिमेनंतरचे पहिले दोन फेरे आटोपले की दोर एकदा पूर्ण उलगडून उजेडात पाहावा, घासलेला भाग कापून टाकावा, नांगराच्या साखळीचा गंजलेला दुवा बदलावा, आणि दुसरा नांगर घराच्या पडवीत न ठेवता बोटीवर ठेवावा. बाकी कामं बंदर खात्याची आणि मत्स्यव्यवसाय खात्याची आहेत, आणि ती पुढच्या मेच्या आत व्हायला हवीत.